गोळीने मुरूम गेले आणि गालावर वांग आला. दोन्ही हार्मोन्समुळेच का?

रेवा_जुळेसोलापूर | १२ एप्रिल, रात्री ९:४०

मी ३४ वर्षांची, शाळेत शिकवते. कॉलेजात असताना मला मुरूम जेमतेम आले असतील, त्यामुळे तिशीनंतर ते असे छळतील हे ध्यानीमनी नव्हतं. पाळीच्या आधी पाच-सहा दिवस हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेला आत ठणकणाऱ्या गाठी यायच्या. तोंड नाही, पू नाही, नुसता ठणका. झोपेत कूस बदलली की उशी लागून कळ जायची. पाळीही दीड-दोन महिन्यांनी यायची. सोनोग्राफीत पीसीओडी (बीजांडकोशाचा विकार) निघालं आणि गेल्या सप्टेंबरात स्त्रीरोगतज्ज्ञांनी गर्भनिरोधक गोळी सुरू केली. चौथं पाकीट संपेपर्यंत गाठी जवळजवळ थांबल्या. मी खूप खुश होते.

फेब्रुवारी संपता संपता दोन्ही गालांवर तपकिरी छटा दिसायला लागली. वाटलं, उन्हाने रापलं असेल. आता वरच्या ओठावरही आलंय आणि लांबून मिशीसारखं दिसतं. परवा दुसरीतल्या एका पोरीने विचारलं, "बाई, तुम्ही तोंड नाही धुतलं?" तिच्या मनात काही नव्हतं, पण मी मधल्या सुट्टीत बाथरूममध्ये जाऊन रडले.

सासूबाई म्हणतात, "अंगातली उष्णता बाहेर पडूलालीय." शेजारच्या काकू जायफळ उगाळून लाव म्हणतात. मला एवढंच कळून घ्यायचंय: मुरूमही हार्मोन्समुळे, वांगही हार्मोन्समुळे, तर मग एकाच गोळीने एक गेलं आणि दुसरं कसं आलं? आणि गोळी बंद करू का?

पेठेतली | १२ एप्रिल, रात्री १०:०५

रेवा, आधी एक घट्ट मिठी. मला पहिल्या खेपेला पाचव्या महिन्यात आला होता, कपाळावर आणि गालांवर, अगदी फुलपाखरू बसल्यासारखा. बाळंतपणानंतर वर्षभरात बराच फिकट झाला, पण दर उन्हाळ्यात पुन्हा डोकं वर काढतो. माझ्या आईलाही होता, मावशीलाही.

शेंगाचटणी | १२ एप्रिल, रात्री १०:२०

घाईत धाग्याचं नाव "गालावर वांगं" असं वाचलं आणि भरल्या वांग्याची भाजी विचारायला आत आले. रेवा, रागावू नकोस, चार घटका हसावंस म्हणून सांगितलं. माझ्या जावेलाही हेच झालंय, त्यामुळे धागा वाचत राहणार.

कडबगाव | १२ एप्रिल, रात्री ११:१५

गोळी लगेच बंद कर, उद्याच. या गोळ्यांनी शरीराची वाट लागते. माझ्या बहिणीचं वजन वाढलं, केस गेले. पाळी निसर्गावर सोडून द्यावी.

निलू_अशोकचौक | १३ एप्रिल, सकाळी ७:३०

कडबगाव, असं कुणालाही "उद्याच बंद कर" सांगू नका. पाकीट अर्धवट सोडलं की मध्येच रक्तस्राव होतो, आणि तिने ती गर्भनिरोधक म्हणूनही घेतली असेल तर? दिवस गेले तर कोण निस्तरणार? तिने ज्यांनी गोळी दिली त्यांनाच विचारावं.

त्वचा_डॉक्टर | १३ एप्रिल, दुपारी ३:१०

मी त्वचारोगतज्ज्ञ, सोलापुरातच प्रॅक्टिस करते. न तपासता इथे कुणाला औषध सांगणार नाही, पण रेवाचा प्रश्न फार नेमका आहे आणि त्याचं उत्तर द्यायलाच हवं.

"हार्मोन्स" हा शब्द आपण एकाच गोष्टीसाठी असल्यासारखा वापरतो, तिथे घोळ होतो. तुझे मुरूम आणि तुझा वांग ही दोन वेगळ्या हार्मोन्सची, कातडीतल्या दोन वेगळ्या जागांवरची कामं आहेत.

मुरूम तेलग्रंथीत होतो. बायकांच्या शरीरातही अँड्रोजेन, म्हणजे ज्यांना आपण पुरुषी हार्मोन्स म्हणतो ती, थोड्या प्रमाणात असतात. बीजांडकोश आणि मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथी ती तयार करतात. तेलग्रंथीत त्यातल्याच टेस्टोस्टेरॉनचं डीएचटी नावाच्या जास्त जोरकस हार्मोनमध्ये रूपांतर होतं. ग्रंथी जास्त तेल सोडते, छिद्राचं तोंड बुजतं, आत जंतू वाढतात, सूज येते. मोठ्या वयात हे खास करून हनुवटी, जबडा आणि मानेच्या वरच्या भागात दिसतं आणि पाळीच्या आधी उसळतं. रेवाने जे वर्णन केलंय तेच. एक लक्षात ठेवा, अशा कितीतरी बायकांचं रक्तातलं टेस्टोस्टेरॉन अगदी नॉर्मल येतं. हार्मोन जास्त नसतं, ग्रंथीच त्याला जास्त दाद देते. म्हणून "रिपोर्ट नॉर्मल आहेत, तुमच्या मनाचे खेळ आहेत" असं कुणी म्हटलं तर ऐकून घेऊ नका.

वांग रंगपेशींमध्ये होतो. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या पेशींना जागं करतात आणि उन्हाशी मिळून जास्त मेलॅनिन, म्हणजे कातडीचा रंग, बनवायला लावतात. गरोदरपणी ही दोन्ही हार्मोन्स चढलेली असतात म्हणून तेव्हा वांग येतो. गर्भनिरोधक गोळीतही याच दोघांची कृत्रिम रूपं असतात.

आता गोळीचं कोडं. गोळीतलं इस्ट्रोजेन यकृताला एक प्रथिन जास्त बनवायला लावतं, ते मोकळ्या टेस्टोस्टेरॉनला धरून ठेवतं. शिवाय बीजांडकोशातून निघणारी अँड्रोजेन्स कमी होतात. म्हणून मुरूम गेले. आणि तेच इस्ट्रोजेन रंगपेशींपर्यंत पोचलं, वर आपलं फेब्रुवारीपासूनचं ऊन, घराण्यात प्रवृत्ती असेल तर तीही. म्हणून वांग आला. गोळीने तुला फसवलं नाही, तिने दोन्हीकडे आपलं काम केलं.

वहिनी_बार्शी | १३ एप्रिल, संध्याकाळी ६:००

डॉक्टर, मान राखून विचारते. आमच्या शेतात बायका सकाळी सातपासून उन्हात खुरपायला असतात, वर्षानुवर्षं. सगळ्यांना कुठे वांग आहे? आणि मी घरात बसून मला आहे. मग ऊन कारण कसं?

त्वचा_डॉक्टर | १३ एप्रिल, रात्री ९:३०

वहिनी, यासाठीच घराणं विचारलं जातं. पेठेतलीने आई-मावशीचं लिहिलंय बघा. प्रवृत्ती, हार्मोन्स आणि प्रकाश ही तीन जमली की वांग उमटतो. ज्यांच्यात प्रवृत्तीच नाही त्या उन्हात रापतील, पण गालावर दोन्हीकडे सारखे डाग येणार नाहीत. आणि "घरात बसून" म्हणजे खिडकीजवळ का? काचेतून लांब लहरींचे अतिनील किरण आत येतात आणि डोळ्यांना दिसणारा प्रकाशही येतो. गव्हाळ-सावळ्या कातडीत तो दिसणारा प्रकाशही डाग गडद करतो.

वहिनी_बार्शी | १३ एप्रिल, रात्री ९:४५

शिलाई मशीन खिडकीला लावलंय. पंधरा वर्षं झाली.

पेठेतली | १३ एप्रिल, रात्री ९:५०

वहिनी, मशीन आजच हलवा.

भाकरीवाली_विडीघरकुल | १४ एप्रिल, दुपारी २:२०

मी पहिल्यांदाच लिहितेय. आमचं कडक भाकरीचं घरगुती काम आहे, माझ्यासोबत चौघी जणी. दिवसाला दोनशे भाकऱ्या, सणासुदीला तीनशेच्या वर. मी उन्हात जातच नाही, सकाळी पाचला चुलीपुढे बसते ती अकराला उठते. तरी माझ्या दोन्ही गालांवर वांग आहे, आणि डाव्या गालावर जास्त. चूल डाव्या हाताला आहे. आमच्यात आणखी एकीला आहे, तिघींना नाही. माझी पाळी वेळेवर येते, गोळी कधी घेतली नाही, शेवटचं बाळंतपण होऊन नऊ वर्षं झाली. मग मला कशाने?

त्वचा_डॉक्टर | १४ एप्रिल, रात्री १०:००

ताई, बरं झालं लिहिलंत. सततच्या धगीनेही रंगपेशी चेतावतात. आचाऱ्यांत, भट्टीपुढे काम करणाऱ्यांत हे आम्हाला दिसतं. बाळंतपणात कधी हलका वांग येऊन गेला होता का? आला असेल तर तेव्हापासून पेशी जाग्या आहेत आणि धग त्यांना झोपू देत नाही. डाव्या गालाचं तुम्ही अचूक टिपलंत, ते तुमच्या डॉक्टरांना जरूर सांगा. आणि एक विनंती: गालावर मळकट निळसर करडी छटा असेल आणि पूर्वी कुठलंही गोरं करणारं क्रीम बरीच वर्षं लावलं असेल तर तेही सांगा, कारण काही क्रीमने उलट तसा काळा रंग बसतो.

भाकरीवाली_विडीघरकुल | १४ एप्रिल, रात्री १०:३०

दुसऱ्या वेळी आला होता, हलका. आपोआप गेला म्हणून विसरले होते. क्रीम कधी लावलं नाही. चूल हलवता येत नाही, पण मधे पत्रा उभा करता येईल आणि दर दोन तासांनी बाजू बदलून बसू. एक जण थापते, एक जण भाजते, हे आळीपाळीने करायचं ठरवलं.

मालती_बाळे | १५ एप्रिल, सकाळी १०:१५

क्रीमचा विषय निघालाच आहे तर माझ्या मुलीचं सांगते. मनावर दगड ठेवून लिहितेय.

लग्न ठरलं तेव्हा ती २६ वर्षांची होती, गालावर मुरमांचे काळे डाग होते. घराजवळच्या एका मेडिकलमधून तिला एक ट्यूब मिळाली, चिठ्ठीशिवाय. "ताई, आठ दिवसांत नवरीसारखी दिसाल." खरंच आठ-दहा दिवसांत चेहरा उजळला. फोटो सुंदर आले. लग्नानंतरही ती लावत राहिली, कारण दोन दिवस सोडलं की चेहरा लाल व्हायचा आणि आग आग व्हायची. वर्षभराने गालांवर बारीक लाल शिरा दिसायला लागल्या, हनुवटीवर लव वाढली, आणि मुरूम पहिल्यापेक्षा दुप्पट. गॅसपुढे उभं राहवत नव्हतं तिला. सासरचे म्हणत होते पीसीओडीमुळे झालं, हार्मोन्समुळे झालं. सिव्हिलमध्ये त्वचेच्या ओपीडीत नेलं तेव्हा डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "कुठली ट्यूब लावता?" त्यात स्टिरॉइड होतं.

ती सोडवायला सात महिने लागले. सुरुवातीचे दोन महिने तर चेहरा इतका सुजायचा की तिने आरसा कापडाने झाकून ठेवला होता.

त्वचा_डॉक्टर | १५ एप्रिल, दुपारी ३:४०

मालतीताई, तुम्ही लिहिलंत त्याने कितीजणी या त्रासातून वाचतील. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टिरॉइड असं तिहेरी मिश्रण वांगावर वापरलं जातं हे खरं, १९७५ पासून ती कल्पना आहे. पण ते आम्ही मोजक्या आठवड्यांसाठी, रात्री, डागापुरतं देतो आणि थांबवतो. रोजच्या क्रीमसारखं महिनोन्महिने लावलं की मालतीताईंनी सांगितलं तेच होतं. त्याला आता स्वतंत्र नावच पडलंय, "स्टिरॉइडने बिघडलेला चेहरा". २०१८ मध्ये सरकारने अशी स्टिरॉइड मलमं चिठ्ठीच्या औषधांच्या यादीत घातली. तरीही ती सहज मिळतात. ट्यूबवर मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन यातलं काही लिहिलेलं असेल तर ते स्टिरॉइड आहे. वर्षभर लावून झालेलं असेल तर एकदम फेकूनही देऊ नका, कसं सोडायचं ते डॉक्टर सांगतील.

आणि मुरमांचे काळे डाग हा वांग नव्हे. मुरूम जिथे होता तिथेच, ठिपक्यासारखा राहतो तो सूज ओसरल्यानंतरचा डाग. मुरूम थांबले की तो महिन्यांत आपला आपण फिकट होतो. म्हणून आधी मुरूम थांबवायचे, मग डाग. लोक उलटं करतात.

शेंगाचटणी | १५ एप्रिल, संध्याकाळी ७:००

माझ्या नावामुळे विचारणं भाग आहे. शेंगाचटणीने मुरूम येतात का? आमच्याकडे लहानपणापासून "शेंगा खाऊ नको, तोंडावर फुटतील" हेच ऐकलं. पण सोलापुरात राहून शेंगाचटणी सोडायची म्हणजे माहेर सोडल्यासारखं आहे.

निलू_अशोकचौक | १५ एप्रिल, संध्याकाळी ७:१०

आमच्या घरी तर दही घालून कालवलेली शेंगाचटणी आणि गरम भाकरी, याच्याशिवाय जेवणच होत नाही. सासूबाई ७२ वर्षांच्या, एक डाग नाही चेहऱ्यावर.

त्वचा_डॉक्टर | १५ एप्रिल, रात्री १०:१०

शेंगाचटणीला दोष देता येत नाही, निश्चिंत खा. मुरमांशी ज्यांचा संबंध बऱ्यापैकी दिसलाय ते म्हणजे पटकन साखर चढवणारं खाणं, म्हणजे मैदा, गोड पेयं, बिस्किटं, आणि काहींमध्ये दूध, विशेषतः साय काढलेलं, आणि जिममध्ये घेतली जाणारी व्हे प्रोटीनची पावडर. रक्तात साखर चढली की इन्सुलिन चढतं, ते बीजांडकोशाला जास्त अँड्रोजेन बनवायला लावतं. पीसीओएसमध्ये, म्हणजे ज्याला पीसीओडीही म्हणतात त्यात, बऱ्याच जणींचं इन्सुलिन आधीच चढलेलं असतं. मंगळवेढ्याच्या ज्वारीची भाकरी मैद्याच्या ब्रेडपेक्षा त्या दृष्टीने केव्हाही बरी, पण नुसत्या भाकरीने मुरूम जातील असं मी म्हणत नाही.

सुनंदा_काकू | १६ एप्रिल, सकाळी ११:३०

इन्सुलिनचं वाचलं आणि छातीत धस्स झालं. माझी नात १९ वर्षांची, कॉलेजला आहे. तिची मान मागून काळी पडलीय, मखमलीसारखी जाड, घडीघडीची. काखेतही. आम्ही समजलो ती अंघोळ नीट करत नाही. मी स्वतः घासणीने घासली आहे तिची मान, बेसन-हळद लावून, ती रडेपर्यंत. पाळी तीन-तीन महिने येत नाही. हनुवटीवर केस आहेत.

त्वचा_डॉक्टर | १६ एप्रिल, दुपारी १:०५

काकू, तो मळ नाही. घासणं आजपासून पूर्ण बंद करा, घासून ती कातडी आणखी जाड आणि काळी होते. चढलेल्या इन्सुलिनमुळे मानेच्या आणि काखेच्या घड्यांत अशी मखमली काळी कातडी येते. नातीला डॉक्टरकडे न्या. साखर, थायरॉईड, प्रोलॅक्टिन, टेस्टोस्टेरॉन या तपासण्या सांगतील, त्यातल्या हार्मोन्सच्या शक्यतो पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवशी करतात. पीसीओएस ठरवायला अनियमित पाळी, अँड्रोजेनची लक्षणं आणि सोनोग्राफी या तिन्हींपैकी दोन असाव्या लागतात, असा २००३ मध्ये ठरलेला निकष आहे. नुसती सोनोग्राफी पाहून ठरवायचं नाही. वजन थोडं जरी कमी झालं तरी पाळी सुधारते आणि मानेचा काळेपणाही उतरतो.

सुनंदा_काकू | १६ एप्रिल, रात्री ८:००

आज तिची माफी मागितली. ती म्हणाली, आजी, मला वाटायचं मीच घाणेरडी आहे. वर्गात वेणीऐवजी केस मोकळे सोडून बसायची, मान दिसू नये म्हणून. सोमवारची वेळ घेतलीय.

पेठेतली | १६ एप्रिल, रात्री ८:१५

काकू, वाचून डोळे भरले. नातीला आमच्याकडून सांगा, तिची मान छान आहे.

कडबगाव | १७ एप्रिल, सकाळी ९:००

जायफळ, लिंबू, हळद याबद्दल कुणी बोलतच नाही. आमच्या आजीच्या काळात कुठे होती ही डॉक्टरी? लिंबाने सगळे डाग जातात.

वहिनी_बार्शी | १७ एप्रिल, सकाळी ११:४५

कडबगाव भाऊ की ताई, माहीत नाही, पण लिंबाचं माझं ऐका. मागच्या उन्हाळ्यात गालाला लिंबू चोळून अंगणात पापड वाळत घालायला गेले. दुसऱ्या दिवशी भाजल्यासारखे फोड आले आणि नंतर तिथे ओघळासारखा काळा पट्टा उमटला, बोटांचे ठसे दिसावेत तसा. चार महिने राहिला.

त्वचा_डॉक्टर | १७ एप्रिल, दुपारी २:३०

वहिनींना झालं ते ओळखीचं आहे. लिंबाच्या रसातली काही द्रव्यं उन्हात कातडी भाजतात. लिंबू चेहऱ्यावर नको, उन्हाळ्यात तर मुळीच नको. जायफळ खरखरीत उगाळून रोज चोळलं की कातडी सोलवटते, आणि सोलवटलेल्या जागी आपल्या रंगाची कातडी हमखास काळी पडते. आजीचं प्रेम खरं आहे, तेवढंच घेऊ.

स्कूटी_सातरस्ता | १७ एप्रिल, रात्री ९:२०

रेवाचा प्रश्न वाचल्यापासून एक विचारायचं होतं. आपण सगळ्या स्कार्फ गुंडाळून स्कूटी चालवतो, नुसते डोळे उघडे. मी तर दुपारी सात रस्त्यावरून विजापूर रोडला जाते तेव्हा सनकोटही घालते. तरी वांग वाढतोय. स्कार्फचा उपयोग नाही का? आणि जबड्यावर, जिथे हेल्मेटचा पट्टा बसतो, नेमक्या तिथेच पुळ्या येतात.

त्वचा_डॉक्टर | १८ एप्रिल, दुपारी ४:००

स्कार्फचा उपयोग आहे, पण उजेडापुढे धरून बघा. विणीतून पलीकडचं दिसत असेल तर ऊनही तसंच आत येतं, घामाने ओला झाला की आणखी. जाड विणीचा, गडद रंगाचा वापरा आणि आतून सनस्क्रीन लावाच. वांगासाठी साधं सनस्क्रीन पुरत नाही, कारण ते दिसणारा प्रकाश अडवत नाही. लोह ऑक्साइड असलेलं, किंचित रंगाचं टिंटेड सनस्क्रीन त्यासाठी लागतं. एसपीएफ ३० किंवा जास्त. चेहरा आणि मानेला मिळून दोन बोटांवर पूर्ण पट्टी येईल एवढं, आणि दोन-तीन तासांनी पुन्हा.

पट्ट्याखालच्या पुळ्या घासण्याने आणि घामाने येतात, त्या हार्मोन्सवर ढकलू नका. स्कार्फ रोज धुवा. हेल्मेटचा पट्टाही धुवा, तो कुणीच धूत नाही.

स्कूटी_सातरस्ता | १८ एप्रिल, संध्याकाळी ५:१०

धुतला. पाणी चहासारखं निघालं.

उज्ज्वला_४९ | २० एप्रिल, रात्री ८:३०

सगळ्या तिशीतल्या बोलताहेत म्हणून थांबले होते. मी ४९ ची, पाळी आता कधी दोन महिन्यांनी, कधी पंधरा दिवसांत. अंगातून वाफा निघतात. आणि या वयात हनुवटीवर मुरूम! मुलगी बारावीला, दोघींचं एकच फेसवॉश. ती म्हणते, आई, आपण मैत्रिणी झालो.

त्वचा_डॉक्टर | २१ एप्रिल, दुपारी १:३०

पाळी जायच्या सुमारास इस्ट्रोजेन उतरतं, अँड्रोजेन त्या मानाने कमी उतरतं, पारडं तिकडे झुकतं. पण दोघींचं फेसवॉश एक नको. तुमची कातडी आता कोरडी, तिची तेलकट.

या निमित्ताने सगळ्यांनाच सांगते. अचानक सगळं अंग, तळहाताच्या रेषा, हिरड्या, जुने व्रण काळे पडायला लागले, सोबत थकवा, चक्कर, वजन उतरणं असेल, तर तो वांग नाही. अधिवृक्क ग्रंथी कमी पडल्याने असं होतं, १८५५ मध्ये थॉमस ॲडिसन यांनी त्याचं वर्णन केलं. आपल्याकडे टीबीमुळेही ते होतं. त्यात क्रीम शोधत बसू नका, लगेच फिजिशियनकडे जा. तसंच मुरूम एकाएकी खूप वाढले, आवाज जाड झाला, डोक्यावरचे केस पुरुषांसारखे विरळ झाले तरी थांबू नका.

रेवा_जुळेसोलापूर | ६ मे, रात्री १०:१५

तीन आठवडे गायब होते, माफ करा. परीक्षा, पेपर तपासणी, निकाल. पण तुमचं एकूणएक उत्तर वाचलं, काही तर नवऱ्यालाही वाचून दाखवली.

आधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेले, मग त्वचेच्या डॉक्टरांकडे. दोघींचं एकमेकींशी फोनवर बोलणं झालं, ते मला फार आवडलं. आईला विचारलं तर तिलाही माझ्या वेळी वांग होता, पण "गरोदरपणात सगळ्यांना येतो" म्हणून ती कधी बोललीच नव्हती. तेव्हाच्या फोटोंत सगळीकडे पावडर आहे, म्हणून मला कळलं नाही.

ठरलं असं: चालू पाकीट पूर्ण संपवून गोळी थांबवायची. मूल आता नकोय, म्हणून कॉपर-टी बसवली. तिच्यात हार्मोन नसतं. हार्मोन असलेलं साधनही मिळतं, पण त्याने काहींना मुरूम वाढतात म्हणून ते नको म्हणाल्या. मुरूम परत येतील याची तयारी ठेवायची, आणि आले तर स्पायरोनोलॅक्टोनचा विचार. ते मुळात लघवी वाढवणारं, बीपीचं औषध आहे, पण अँड्रोजेनला अडवतं. ते चालू असताना दिवस जाता कामा नयेत, हे त्यांनी दोनदा बजावलं. बीपी पाहिलं, रक्त तपासलं. थायरॉईडसाठी टीएसएचही केलं, नॉर्मल आलं.

चेहऱ्याला रात्री ॲझेलाइक ॲसिड. ते मुरूम आणि डाग दोन्हीवर काम करतं, आणि गव्हा-जवातही सापडतं हे ऐकून सासूबाईंना ते एकदम पसंत पडलं. पहिले आठ-दहा दिवस मुंग्या चावल्यासारखं झालं, आता नाही.

मी वांगाच्या ट्रानेक्झॅमिक गोळ्यांबद्दल विचारलं होतं, मैत्रिणीला त्यांनी फरक पडलाय. डॉक्टर म्हणाल्या, गर्भनिरोधक गोळी चालू असताना मुळीच नाही, दोन्हींनी रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. पुढे गरज पडली तर घरात कुणाला गुठळीचा त्रास झालाय का ते नीट विचारून मग बघू. मैत्रिणीला त्याच रात्री फोन केला. ती दोन्ही एकत्र घेत होती. दुसऱ्या दिवशी ती तिच्या डॉक्टरांकडे गेली.

निलू_अशोकचौक | ६ मे, रात्री १०:३०

तुझ्या धाग्याने तिचं तरी काम झालं. तुझा वांग कमी झाला का पण?

रेवा_जुळेसोलापूर | ६ मे, रात्री १०:४०

अजून नाही. डॉक्टरांनी आधीच सांगितलंय, तीन महिन्यांच्या आत फरक शोधायचा नाही, आणि गोळी थांबवली तरी तो पूर्ण जाईलच असं नाही. एवढ्या उन्हाळ्यात वाढला नाही, हेच त्या खूप म्हणाल्या.

सुनंदा_काकू | ७ मे, सकाळी ८:००

रेवा, नातीचे रिपोर्ट आले. इन्सुलिन चढलेलं, पीसीओएस आहे. रोज संध्याकाळी आम्ही दोघी सिद्धेश्वर तलावाला फेऱ्या मारतो. काल ती वेणी घालून आली.

भाकरीवाली_विडीघरकुल | ७ मे, दुपारी १:१५

रेवाताई, ते रंगाचं सनस्क्रीन आपल्या रंगाला बसतं का? मी एक आणलं तर चेहरा पांढुरका दिसायला लागला, पोरं हसली.

रेवा_जुळेसोलापूर | ७ मे, संध्याकाळी ६:५०

ताई, पहिलं माझंही तसंच फसलं. दुकानात हातावर नाही, जबड्याच्या कडेला लावून, बाहेर उजेडात येऊन बघा. मानेशी जुळलं तर घ्या. मला तिसरं जुळलं. आणि चुलीपुढे घाम येणार, म्हणून आधी वीस मिनिटं लावून ठेवा आणि घाम टॉवेलने नुसता टिपा, पुसू नका. शनिवारी मी कडक भाकरी घ्यायला तिकडे येतेच आहे. माझं घेऊन येते, तुम्ही लावून बघा.